देणगी मागण्याचा संकोच आणि दोन दिवसांची कार्यशाळा

लहान स्वयंसेवी संस्थांसाठी पुण्यात भरणाऱ्या एका निधी-संकलन कार्यशाळेला मी आणि आमच्या संस्थेच्या सचिव ताई गेल्या पावसाळ्यात जाऊन आलो. आमची संस्था बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवते. दिवाळीच्या सुमारास आईवडील कोयता घेऊन कारखान्यांकडे निघाले की मुले आमच्याकडे राहायला येतात आणि धान्य, स्वयंपाकीण, शिक्षक असा सगळा खर्च एकाच वेळी अंगावर येतो. कामाविषयी तासन्‌तास बोलणारे आमचे कार्यकर्ते पैशाचा विषय निघाला की गप्प होतात, ही आमची जुनी अडचण आहे आणि ती आमच्यापुरती नाही, हे तिथे जमलेल्या इतर संस्थांकडे पाहून पहिल्याच तासात लक्षात आले.

कार्यशाळा निवासी आहे आणि प्रत्येक संस्थेतून एक कार्यकर्ता व एक विश्वस्त असे दोघांनी यावे, अशी आयोजकांची अट आहे. ही अट सुरुवातीला जाचक वाटली, परंतु ती अत्यंत योग्य आहे. बहुतेक संस्थांमध्ये विश्वस्त सल्ला देतात आणि मागायला कार्यकर्ता जातो. दोघांनी शेजारी बसून एकच सराव केल्यावर ही वाटणी किती अन्यायाची आहे, हे कोणी न सांगताच कळते.

पहिल्या दिवसाचे सकाळचे सत्र हे या कार्यशाळेचे सर्वांत मोलाचे अंग आहे. प्रशिक्षिकेने प्रत्येकाला, आपण स्वतः शेवटची देणगी कोणाला दिली, ती कोणी मागितली आणि देताना मनात काय आले, एवढेच लिहायला सांगितले. कोणी गावच्या शाळेच्या छपरासाठी दिलेले पैसे लिहिले, कोणी शेजारच्या मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी दिलेले. कागद वाचून झाल्यावर त्यांनी विचारले की, मागणारा माणूस तुमच्या नजरेत लहान झाला होता का? एकाही कागदावर तसे नव्हते. उलट ‘आपल्याला विचारले हे बरे झाले’, हाच भाव बहुतेकांनी लिहिला होता. म्हणजे देताना आपण मागणाऱ्याविषयी जो आदर बाळगतो, तोच आदर मागताना स्वतःला नाकारतो. आमच्या सचिव ताई वीस वर्षांहून अधिक काळ हे काम करत आहेत आणि दरवर्षी देणगीदाराच्या दारात त्यांचा आवाज खाली जातो. त्या सत्रानंतर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि दुपारच्या सरावाला सर्वांत आधी उभ्या राहिल्या.

तो सराव दिसायला सोपा आहे. समोरच्याला काम सांगायचे, नेमकी रक्कम उच्चारायची आणि मग उत्तर येईपर्यंत थांबायचे. हे थांबणेच कोणाला जमत नव्हते. ‘एका मुलाच्या हंगामाच्या जेवणाचा खर्च आपण उचलावा’, असे म्हणून झाल्याबरोबर जो तो ‘किंवा जमेल तेवढे द्या, नाही दिले तरी चालेल’ अशी पुस्ती स्वतःच जोडत होता. समोरच्याने विचार करायच्या आधी आपणच त्याच्या वतीने नकार देतो, ही सवय प्रशिक्षिकेने न रागावता पण न सोडता पुन्हा पुन्हा दाखवून दिली. नकाराविषयीचे सत्रही असेच उपयुक्त आहे. ‘आत्ता नाही’, ‘एवढे नाही’ आणि ‘या कामासाठी नाही’ हे तीन वेगळे नकार आहेत आणि कोणता नकार मिळाला हे नम्रपणे विचारून घेण्यात काहीही गैर नाही, हे तिथे पक्के होते. परत आल्यावर आम्ही जुन्या देणगीदारांना फोन केले, तेव्हा नाही म्हणालेल्या एका निवृत्त गृहस्थांनी, आपली मुदतठेव दिवाळीनंतर सुटते, तेव्हा फोन करावा, असे सांगितले. पूर्वी आम्ही त्यांचे नाव यादीतून काढून टाकले असते.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या चालू खर्चावर चर्चा झाली, ती मला फार आवश्यक वाटली. पगार, वीजबिल, हिशेबनीस यांचा खर्च सांगताना आपण अपराध्यासारखे बोलतो आणि देणगीदारही ‘माझे पैसे थेट मुलांपर्यंतच जातील ना’, असे विचारतो. वसतिगृहात रात्री मुलांसोबत राहणाऱ्या बाईंचा पगार हा मुलांवरचाच खर्च आहे, हे ठामपणे सांगता आले पाहिजे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, तेव्हापासून या खर्चाकडे पाहण्याचा संशय आणखी वाढला आहे, असे माझे मत आहे.

उणिवा मात्र आहेत आणि त्या गंभीर आहेत. मानसिकता बदलली की पैसा येतो, असा सूर काही सत्रांत लागतो, तो मला मान्य नाही. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीवर जवळपास अर्धा दिवस गेला. कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करायची असते, हे खरे. पण त्याच कायद्यात कंपनीच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही म्हटले आहे. ज्या तालुक्यात मोठा कारखानदार नाही, तिथल्या संस्थेचा संकोच कितीही गेला तरी हा निधी सहज तिच्यापर्यंत येत नाही. अशा संस्थांचा आधार म्हणजे सामान्य देणगीदार, आणि त्यांच्यासाठी वेळ कमी ठेवला होता.

करसवलतीचे सत्रही अपुरे वाटले. देणगीदाराला प्राप्तिकरात मिळणारी कलम ८०जीची वजावट हे देणगी मागण्याचे मुख्य कारण म्हणून शिकवले गेले, परंतु नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही आणि २०२३-२४ पासून तीच प्रणाली मूळ पर्याय म्हणून लागू आहे. जुन्या प्रणालीतही २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला वजावट नाही. म्हणजे कराच्या आधारे मागणे दिवसेंदिवस दुबळे होत जाणार आणि कामाच्या आधारे मागता येणे अधिक गरजेचे होणार. कार्यशाळेच्या मूळ विचाराला इतका पोषक मुद्दा तिथे कोणी मांडलाच नाही, याची खंत वाटते.

उदाहरणे जवळजवळ सर्व परदेशी होती, हेही खटकले. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले आणि लहान लहान वर्गण्या गोळा करत ते चालवले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांची १५ लाखांची देणगी आली ती १९२० मध्ये. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. या माणसांनी मागताना मान खाली घातली नव्हती. महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यासमोर हा वारसा ठेवला, तर त्याला धीर यायला वेळ लागणार नाही.

तक्ते इंग्रजीत होते, ते मराठीत हवेत, असे आम्ही आयोजकांना लेखी कळवले आहे. शुल्क लहान संस्थेला जड आहे, पण विचारल्यास सवलत मिळते आणि आम्हाला ती मिळाली. राहण्या-जेवणाची व्यवस्था साधी व स्वच्छ आहे. ज्या संस्थेची नोंदणी, लेखापरीक्षण आणि पावत्या अजून नीट नाहीत, तिने आधी ते काम पूर्ण करावे. ज्यांची कागदपत्रे व्यवस्थित आहेत आणि तरीही मार्चअखेरीस एखादेच पत्र पाठवून जे वाट पाहत बसतात, त्यांनी आपल्या विश्वस्तांना सोबत घेऊन, शक्यतो आपला हंगाम सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधी या कार्यशाळेला जावे.