पाम स्प्रिंग्स की वाइल्डवुड?

दर उन्हाळ्यात ओळखीतलं कुणीतरी विचारतंच. जुन्या अमेरिकन सिनेमातलं ते सगळं बघायचंय, निऑनच्या पाट्या, मागे पंख फुटलेल्या लांबलचक गाड्या, पोहण्याच्या तलावाकाठच्या रंगीत खुर्च्या, तर कुठे जाऊ? मग मी दोन गावं सांगते आणि उलट विचारते, बरोबर कोण आहे आणि महिना कोणता?

दोन्ही गावांचा आजचा चेहरा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीसेक वर्षांत घडला. कॅलिफोर्नियातलं पाम स्प्रिंग्स पैसेवाल्यांनी नावाजलेले आर्किटेक्ट बोलावून बांधून घेतलं. न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाचं वाइल्डवुड स्थानिक बिल्डरांनी बांधलं, फिलाडेल्फियाकडच्या नोकरदार कुटुंबाला आठवडाभर समुद्रावर राहता यावं म्हणून. हा फरक आजही दारातच समजतो. पाम स्प्रिंग्समध्ये दार बहुतेक बंद असतं.

काउफमन हाउसचंच घ्या. आर्किटेक्ट रिचर्ड नॉयट्राने 1946 साली बांधलेलं हे घर. ज्या काउफमननी आधी फ्रँक लॉइड राइट या आर्किटेक्टकडून फॉलिंगवॉटर हे धबधब्यावरचं प्रसिद्ध घर करून घेतलं होतं, त्यांनीच वाळवंटातलं हे घर नॉयट्राला सांगितलं. ते बघायला मी देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेले आणि रस्त्यावरून मला दिसलं काय, तर दगड, झुडपं आणि छपराची एक आडवी रेघ. खासगी मालमत्ता आहे, आत कोण सोडणार! गायक फ्रँक सिनात्राच्या 1947च्या घरामागे पियानोच्या आकाराचा तलाव आहे, तोही रस्त्यावरून दिसत नाही. फेब्रुवारीतल्या मॉडर्निझम वीक या वास्तुकलेच्या महोत्सवात काही खासगी घरं तिकीट लावून उघडतात, पण चांगल्या घरांची तिकिटं फार आधी संपतात.

मोकळेपणाने बघता येतात ती आर्किटेक्ट अल्बर्ट फ्राय यांची कामं. गावात शिरतानाच त्यांचा 1965चा पेट्रोल पंप लागतो. त्याचं छप्पर कागदी विमानाच्या पंखासारखं रस्त्याकडे झेपावलेलं आहे. आता तिथे पर्यटकांसाठी माहिती केंद्र आहे. त्यांचं स्वतःचं डोंगरावरचं घर कला संग्रहालयाकडे आहे आणि ते टूरने दाखवतात. डोंगराचा एक भला मोठा धोंडा त्यांनी न फोडता घरातच घेतलाय, काच त्याच्या भोवतीने कापून बसवलीय. चित्रकला, बांधकाम, फर्निचर यांतलं वेड असेल तर या एका धोंड्यासाठी सगळा प्रवास वसूल.

मला स्वतःला तिथे सर्वांत जवळची वाटली ती सिमेंटची जाळी. घराघरासमोर, हॉटेलांच्या दर्शनी भिंतीला, पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षीदार जाळी. "अगं, ही तर आपल्या सोसायटीच्या जिन्यातली!" असं मी मोठ्याने म्हणाले आणि बरोबरची मंडळी हसली. पण त्यात तथ्य आहे. एडवर्ड स्टोन या अमेरिकन आर्किटेक्टने दिल्लीत अमेरिकन दूतावासाची इमारत बांधली. 1959 साली ती खुली झाली, आणि तिच्या जाळीदार भिंतीमुळे अमेरिकेत अशा ठोकळ्यांची फॅशन आणखी पसरली. म्हणजे डोंबिवलीच्या जिन्यात ज्या जाळीतून आम्ही खाली चिंचोके टाकायचो, तिची चुलतबहीण इथे कोट्यवधींच्या घरापुढे उभी आहे.

या चकचकीत गावाची दुसरी बाजूही माहीत असावी. सेक्शन 14 या भागात, आगुआ कालिएंते आदिवासींच्या जमिनीवर, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कामगार राहत. 1960च्या दशकापर्यंत त्यांची घरं पाडून, जाळून जागा मोकळी केली गेली. 2024 साली शहराने त्या कुटुंबांशी 59 लाख डॉलरची तडजोड मंजूर केली.

आता वाइल्डवुड. इथे नावाजलेला आर्किटेक्ट शोधू नका. इथे मोटेलं, म्हणजे गाडी दारात लावता येणारी साधी हॉटेलं, बांधणारे मोरी (Morey) बंधूंसारखे बिल्डर होते. मायामीत काहीतरी बघून यायचं आणि शेजारच्या मोटेलवर ताण करायची, असा मामला. रस्त्यावरून जाणारी गाडी थांबली पाहिजे, एवढंच गणित. म्हणून तिरके कठडे, उतरत्या काचा, काजूच्या आकाराचा तलाव, आणि कॅरिबियन, हवाई, अंतराळ यांवरून घेतलेली नावं. कॅरिबियन मोटेल 1957चं, म्हणजे स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह उडाला त्याच वर्षीचं. वरच्या मजल्यावर जाणारा त्याचा वळणदार उतार बघितला की वाटतं, बांधणाऱ्याला जिना फारच सामान्य वाटला असावा. आणि पुढे माडासारखी झाडं, चक्क प्लास्टिकची! पाम स्प्रिंग्सचे माड खरे आणि घरं कुंपणाआड, इथले माड खोटे पण त्यांच्याखाली चड्डीवर बसून कॉफी पिता येते.

संध्याकाळी साडेआठच्या सुमाराला पाट्या पेटायला लागतात. आधी गुलाबी लुकलुकतो, मग हिरवा स्थिरावतो. जवळ उभं राहिलं तर नळ्यांची बारीक गुणगुण ऐकू येते. आमचे बाबा गॅलरीत खुर्ची टाकून तासभर तेच बघत बसले होते.

बोर्डवॉकवरची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या लाकडी फळ्यांच्या रस्त्यावरची, पिवळी-निळी ट्रामही खरी जुनी आहे. 1939च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेल्या गाड्या 1949 पासून इथे धावतायत. जुन्या मोटेलांच्या जपून ठेवलेल्या पाट्या एका लहानशा संग्रहालयाच्या अंगणात लावल्यात. तिथे अर्धा तास पुरतो.

पण जे उरलंय ते कमी होतंय, हेही सांगते. 2000 नंतर जमिनीचे भाव चढले, तशी कित्येक मोटेलं पाडून तिथे फ्लॅटच्या पेट्या आल्या. 2006 साली नॅशनल ट्रस्ट या अमेरिकेतल्या वारसा जपणाऱ्या संस्थेने इथली मोटेलं देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या 11 वारसास्थळांच्या यादीत घातली होती. फोटो बघून एखाद्या मोटेलवर मन बसलं असेल तर आधी फोन करा, ते अजून आहे ना ते विचारा.

राहण्याच्या सोयीबद्दल फार आशा नको. खोल्या लहान, भिंती पातळ. आम्ही उतरलो होतो तिथला एसी रात्रभर पिठाच्या गिरणीसारखा चालला. मात्र बऱ्याच मोटेलांत छोटं स्वयंपाकघर असलेल्या खोल्या मिळतात. आईने सकाळी पोहे केले आणि शाकाहारी कुठे काय मिळेल हा प्रश्नच मिटला. समुद्रकिनाऱ्याला तिकीट नाही, न्यू जर्सीत हे अप्रूपच.

न्यू जर्सीतल्याच एडिसनकडून निघालात तर गार्डन स्टेट पार्कवे या महामार्गाने सरळ खाली, एक्झिट 4. सव्वादोन तास, शुक्रवारी संध्याकाळी निघायचा वेडेपणा केला नाही तर. पाम स्प्रिंग्स लॉस एंजेलिसहून साधारण दोन तास. तिथे उन्हाळ्यात जाऊच नका. 2024च्या जुलैत पारा 51 सेल्सियसवर गेला होता. उलट वाइल्डवुडला हिवाळ्यात जाल तर बहुतेक मोटेलांना कुलूप असेल.

त्यामुळे एकटे किंवा दोघंच असाल, हातात स्केचबुक असेल आणि सुट्टी फेब्रुवारीतली असेल, तर पाम स्प्रिंग्स. मुलं आणि आई-बाबा बरोबर असतील तर वाइल्डवुड, मी दुसरा विचारही करणार नाही. लेबर डे, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, उलटल्यावरचा आठवडा धरा, भाव उतरतात आणि पाणी अजून कोमट असतं. खोली वरच्या मजल्यावरची मागा, तलावाकडे तोंड असलेली. आणि पाटी खिडकीच्या अगदी समोर येत नाही ना, तेवढं विचारून घ्या. नाहीतर रात्रभर उशी गुलाबी.