माल वाहायचा की चिखल तुडवायचा? रिब, लग, एटी आणि एमटी टायर समोरासमोर

जुन्नर तालुक्यात ऐन पावसाळ्यात टोमॅटो निघतो. क्रेट भरलेली पिकअप आधी काळ्या मातीच्या शेतवाटेने बाहेर पडते, मग डांबरी रस्त्याने नारायणगावच्या बाजारात जाते आणि माल मुंबईकडचा असेल तर माळशेज घाट उतरून कल्याणच्या दिशेला लागते. २० किलोचे ६० क्रेट धरले तर १२०० किलो झाले, रिकाम्या क्रेटचं वजन वेगळंच. एकाच खेपेत चिखल, खड्डे, ओला घाट आणि वर हे ओझं. अशा गाडीचे टायर बहुतेक जण दुकानात नक्षी बघून पसंत करतात. माझं म्हणणं एवढंच की आधी वजन बघा, नक्षी त्यानंतर.

कारण माल वाहणं आणि चिखल तुडवणं या दोन कामांना टायरकडून उलट गोष्टी हव्या असतात. ओझ्याला कडक टायर आणि भरपूर हवा लागते. ८ प्लायच्या, म्हणजे आठ थरांइतक्या ताकदीच्या टायरमध्ये ६५ पीएसआयपर्यंतही हवा भरावी लागते. चिखलाला आणि वाळूला मऊ, पसरलेला टायर लागतो, म्हणून थार-जिम्नीवाले वाट सोडली की हवा १८-२० पीएसआयवर आणतात. भरलेल्या पिकअपला ही सोय नाही. टायरची वजन पेलण्याची ताकद हवेवर असते. हवा काढली की ती ताकद जाते, भिंती वाकत राहतात, टायर तापतो आणि फुटतो. फुटतो तोही चिखलात नाही, पुढे हायवेवर वेग घेतल्यावर.

वजन कुठे वाचायचं? टायरच्या भिंतीवर मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं. तो आकडा म्हणजे लोड इंडेक्स. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०६ म्हणजे ९५०, ११२ म्हणजे ११२०. कमर्शियल टायरवर १०६/१०३ असे दोन आकडे असतात. पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा मागे जोडचाकं असलेल्या गाडीसाठी. पिकअपला मागे एकेरी चाक असेल तर पहिला आकडा आपला.

आता फसगत कुठे होते ते बघा. प्रवासी बोलेरोला २१५/७५ आर १५ टायर येतो. त्याच मापात १०० इंडेक्सचा एसयूव्हीचा टायरही मिळतो आणि १०६ चा ८ प्लायचा कमर्शियल टायरही. रिमवर दोन्ही बसतात. समजा पिकअपच्या मागच्या एक्सलवर गाडीचं स्वतःचं ६०० किलो आणि मालाचं ११०० किलो येतं. एकूण १७००. शंभरवाले दोन टायर १६०० किलो पेलतात, म्हणजे गाडी जागेवर उभी असतानाच ते कमी पडले. १०६ वाले दोन १९०० पेलतात. छान खोल नक्षीचा एटी (ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा) टायर स्वस्तात मिळतोय म्हणून जो पिकअपला चढवला जातो, तो पुष्कळदा हा शंभरवाला असतो. गाडीच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये जो इंडेक्स दिलाय, त्याच्या खाली एक आकडाही उतरू नका.

वजनाचं ठरलं की नक्षीकडे या.

रिब म्हणजे गोल फिरणाऱ्या सरळ रेघा. डांबरावर हलका चालतो, डिझेल कमी खातो, स्टिअरिंग नेमकं राहतं, ओल्या रस्त्यावर पाणी नीट काढतो. चिखलात मात्र त्याला धरायला काही नसतं. लग म्हणजे आडवे खोल ठोकळे. ओढायला चांगला, आवाज जास्त. पुढे रिब आणि मागे लग ही ट्रकवाल्यांची जुनी पद्धत उगाच पडलेली नाही. पुढचं चाक दिशा देतं, मागचं ओढतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपला हीच जोडी मला आजही सगळ्यात योग्य वाटते. फक्त एका एक्सलवरचे दोन्ही टायर एकसारखे हवेत, आणि एकीकडे रेडियल, दुसरीकडे नायलॉन (टायरच्या आतल्या बांधणीचे हे दोन प्रकार) असा प्रकार तर कधीच नको.

एटी हा मधला मार्ग. डांबरावर रिबच्या मानाने थोडा जड, पण नीट वागतो. खडी, मुरूम, कोकणातली जांभ्याची लाल वाट, धरणाकाठचा कच्चा रस्ता, सगळीकडे पुरतो. जांभ्याची माती वरून घसरडी असली तरी खाली तळ घट्ट असतो, त्यामुळे एटीचं काम भागतं. काळ्या मातीत तो हरतो. ती माती चिकट. एटीच्या अरुंद खाचा दहा-वीस फुटांत भरून जातात आणि टायर गोटा झाल्यासारखा फिरत राहतो.

तिथे एमटी, म्हणजे मड-टेरेन हा चिखलाचा टायर लागतो. त्याच्या ठोकळ्यांमधली जागा रुंद असते, चाक फिरलं की चिखल बाहेर फेकला जातो. भिंतही जाड असते, सह्याद्रीतल्या धारदार काळ्या दगडांवर तिचा उपयोग होतो. पण याची किंमत डांबरावर मोजावी लागते. रस्त्याला टेकणारं रबर कमी, बारीक चिरा कमी, म्हणून ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. भरलेली गाडी पावसात माळशेज उतरतेय हे डोळ्यांसमोर आणा. मालवाहू पिकअपला एमटी घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शेताच्या वाटेवर गाडी रुतते ती बहुतेक वेळा रिकामी येताना, कारण मागच्या एक्सलवर वजनच नसतं. हौद्यात एक्सलच्या वर वाळूची चार पोती टाकली तर बराच फरक पडतो. आणि वाटेचा नेहमी फसणारा तुकडा दोनशे फुटांचा असेल तर तिथे मुरूम टाकणं एमटीच्या संचापेक्षा स्वस्त पडेल, शेजाऱ्याचीही सोय होईल.

एसयूव्हीचं गणित वेगळं. थार किंवा स्कॉर्पिओ घेऊन कुटुंबासह सावंतवाडीला जाणारा आणि अधूनमधून कच्च्या वाटेने फिरणारा माणूस असेल, तर एटीच घ्यावा. एचटी, म्हणजे हायवे-टेरेन टायर पुरतो तो फक्त डांबरावरच राहणाऱ्याला. एमटी त्याने घ्यावा, जो खरोखर दर पावसाळ्यात चिखलाच्या ट्रेलवर जातो आणि रोज ऑफिसला दुसरी गाडी नेतो. फोर बाय फोर असेल तर चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले ठेवा, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. कॅरियरवर सामान बांधताना छताची मर्यादा मॅन्युअलमध्ये वाचा. सात माणसं, मागे बॅगा आणि वर आंब्याच्या पेट्या असं भरलं की एसयूव्हीसुद्धा मालगाडीच होते आणि टायरमधली हवा पूर्ण लादलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्यानुसारच ठेवावी लागते.

मोठ्या मापाचा मोह अनेकांना होतो. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ घातला तर टायरची उंची ७०४ मिलिमीटरवरून ७३४ होते, साधारण ४ टक्के जास्त. मीटरवर ६० दिसतं तेव्हा गाडी ६२-६३ ने धावत असते. तेवढ्याच प्रमाणात गिअर लांबतात, म्हणजे भरलेली गाडी चढावर लवकर दमते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते.

खरेदी करताना भिंतीवरचा चार आकडी तारखेचा शिक्का बघा. ३२२५ म्हणजे २०२५ च्या ३२ व्या आठवड्यातला टायर. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण चिखलाचं काम असेल तर त्याच्या कितीतरी आधीच टायर निकामी झालेला असतो.

आणि पाचवा टायर विसरू नका. पिकअपच्या स्टेपनीत जुना शंभरवाला टायर ठेवायची सवय खूप दिसते. भरलेल्या गाडीचं मागचं चाक घाटात पंक्चर झालं तर तोच टायर ते सगळं वजन घेऊन बाजारापर्यंत जाणार असतो, म्हणून स्टेपनीचा इंडेक्सही बाकीच्या चारांइतकाच घ्या.