लातूरच्या खानावळीतली येळवशीची थाळी

गेल्या रविवारी सासूबाई, पुण्याहून आलेला लेक आणि मी, तिघं बार्शी रोडवरच्या एका खानावळीत येळवशीची, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाची, थाळी खायला गेलो. दीडशे रुपये, भाकरी लागेल तेवढी.

भाकरीला पैकीच्या पैकी. मालदांडी ज्वारीची, हातावर थापलेली, पापुद्रा टम्म फुगलेला. बोटानं पापुद्रा फोडला की वाफ तोंडावर येते. ही भाकरी लेक रक्तातली साखर आटोक्यात राहावी म्हणून खातो, डॉक्टरांनी सांगितलंय. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "भाकर नसली तर जेवल्यावानीच वाटत नाही बाई." 1995 साली लंडनच्या संशोधकांनी अन्न निवडण्याची नऊ कारणं मांडली होती. त्यात तब्येत आहे, किंमत आहे, ओळखीची चवही आहे. पण येळवशीला रानात कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा करून, शेजारपाजाऱ्यांना हाताला धरून आणून पंगतीत बसवतात, ते कारण कुठल्या खान्यात बसवायचं? आमच्याकडे भज्जी, म्हणजे येळवशीची दाण्यांची मिसळभाजी, एकटीनं खायची वस्तूच नाही.

भज्जी चांगली होती. तुरीचे, वालाचे दाणे ताजे, चिंच बेताची. आंबिलानं मात्र निराशा केली. सकाळीच कालवलेली असावी, आंबटपणा चढलाच नव्हता. सासूबाईंनी एक घोट घेऊन पेला बाजूला ठेवला. मालकांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. आंबील आदल्या रात्री मातीच्या मडक्यात लावा, एवढीच विनंती. भाकरीसाठी मी पुन्हा जाणार, दुपारी एकच्या आत, कारण नंतर तवा थंडावतो.