फोर बाय फोरचे टायर घ्यायचे तर शहाद्यातलं हे दुकान

फोर बाय फोर, म्हणजे गरजेला चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचे टायर बदलायचे असतील, तर शहाद्यात दोंडाईचा रस्त्यावरच्या या दुकानात बिनधास्त जा. विकण्याआधी मोजणारा टायरवाला आपल्या भागात मला दुसरा भेटलेला नाही.

मी जनावरांचा डॉक्टर. धडगावकडच्या पाड्यांवरून वेळी-अवेळी बोलावणं येतं, पावसाळ्यात चिखलातून गाडी काढावी लागते, म्हणून जुनी थार घेतली. आधीच्या मालकाने मागे नवे जाड नक्षीचे टायर टाकले होते, पुढचे झिजलेले तसेच ठेवले होते. चारही टायरवर मापाचा आकडा एकच, २४५/७५ आर १६. त्यामुळे कोणाला शंकाच आली नाही. पण चिखल संपून डांबरी लागली की फोर बाय फोरचा दांडा टू एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या ताकदीवर, येईना. स्टीअरिंग जड, वळणावर गाडी खालून धक्के देत अडखळायची. थोडी रिव्हर्स घेतली की मग दांडा सुटायचा. एका वर्कशॉपने तर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, खोलायचाच सल्ला दिला होता, खर्च ऐकून झोप उडाली.

या दुकानात मी चार नवे टायर घ्यायच्या तयारीनेच गेलो होतो. मालकाने आधी गेज घेऊन स्टेपनीसकट पाचही टायरच्या नक्षीची खोली मोजली आणि खडूने टायरवरच आकडे लिहिले. मागे १०-१० मिलिमीटर, पुढे ३-३. मग पुढच्या आणि मागच्या टायरला जमिनीशी टेकलेल्या जागी खडूची खूण केली, तशीच खाली फरशीवरही केली, आणि पोराला गाडी हळूच ढकलायला लावली. दोन्ही चाकांचा एकेक फेरा पूर्ण झाला तिथे पुन्हा खुणा. टेप लावला तर पुढचं चाक साधारण साडेचार सेंटिमीटर मागे पडलेलं. माझी तीन बोटं त्या फरकात बसली.

एका फेऱ्याला एवढं, म्हणजे किलोमीटरला अठरा मीटर! टू एचमध्ये पुढची चाकं मोकळी फिरतात, तेव्हा हा फरक कळत नाही. फोर एच, म्हणजे चारही चाकांची ताकद, टाकलं की पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना बांधला जातो, दोघांना सारखंच फिरावं लागतं, आणि दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शिअल थारला मध्ये नाही. चिखलात चाकं घसरून ताण सोडतात. डांबरीवर घसरायला जागा नाही, मग तो पीळ शाफ्टमध्ये, त्याच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये साठतो. दांडा अडकायचा तो यानेच. ज्यांच्या गाडीत चारही चाकांना कायम ताकद जाते, त्यांनी तर जास्तच जपावं, तिथे पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारं मधलं कपलिंग तापत राहतं.

“डॉक्टर, चारी लिसन काय करशात? मांगला टायर चांगला शेतस. पुढला दोनच ल्या,” मालक म्हणाला. त्याच्याकडे त्याच मापाचे दुसऱ्या कंपनीचे टायर तयार होते, ते मात्र त्याने दिले नाहीत. आकडा सारखा असला तरी कंपनीगणिक उंचीत काही मिलिमीटर इकडेतिकडे होतातच. मागच्यांच्याच कंपनीचे, त्याच नक्षीचे दोन टायर त्याने धुळ्याहून मागवले. आले तेव्हा बाजूवरचे चार आकडे मला वाचून दाखवले, पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. एक टायर फार जुना निघाला, तो त्याने माझ्यासमोर परत पाठवला. त्यात आणखी वाट पाहावी लागली, पण माझी तक्रार नाही.

बिलाच्या मागे पाचही टायरची मापं लिहून दिली. स्टेपनी जुनीच आहे, ती लावली तर फोर बाय फोर टाकायचं नाही, हे दोनदा बजावलं. चारही चाकांत हवा मॅन्युअलप्रमाणे भरली.

आता उणं. अलाइनमेंटचं मशीन इथे नाही, त्यासाठी नंदुरबारला जावं लागलं. दर कुठे लिहिलेले नाहीत, विचारावे लागतात. बसायला एकच बाकडं, तेही दुपारनंतर उन्हात.

दांडा आता दोन बोटांनी सुटतो. तोरणमाळ घाट उतरताना खालून येणारा तो कडकड आवाजही गेला. जाणार असाल तर सकाळी जा आणि स्टेपनीही सोबत न्या, तो तिच्याशिवाय मोजायला सुरुवातच करत नाही.