‘डेटा तुमचाच’ म्हणून विकलं जाणारं फिजिओथेरपी सॉफ्टवेअर

नोंदींचं सॉफ्टवेअर घेताना फिजिओथेरपी क्लिनिकं एका वाक्यावर फसतात: ‘डेटा तुमचाच, कधीही घेऊन जा.’ विक्रेता डेमोत एक्सपोर्टचं बटण दाखवतो, दाबून दाखवत नाही. पुढे सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली की हाती पडते पेशंटमागे एक पीडीएफ. ती वाचता येते, पण गुडघा पहिल्या दिवशी किती वाकत होता आणि बाराव्या भेटीत किती, हे आकडे नव्या सॉफ्टवेअरला त्यातून नीट उचलता येत नाहीत. मूळ नोंदी हव्यात म्हटलं की ‘मायग्रेशन’चे, म्हणजे नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवण्याचे, वेगळे पैसे, आणि तोवर खातं बंद व्हायची तारीख डोक्यावर आलेली. उपचार अर्धवट असलेले पेशंट समोर असतात, म्हणून क्लिनिक मुकाट्याने पैसे भरतं. हा व्यवहार त्या अडचणीवरच उभा असतो.

म्हणून करारावर सही करण्याआधी एक खोटा पेशंट तयार करा आणि त्याच्या पाच भेटी स्वतः भरा. उजव्या गुडघ्याचं फ्लेक्शन (वाकणं) ९५ अंश, पुढच्या भेटीत ११०. एक्स्टेन्शन (सरळ होणं) उणे ५. वेदना १० पैकी ७, मग ४. स्नायूंची ताकद ५ पैकी ३+. बॉडी चार्टवर (शरीराच्या आकृतीवर) दुखरी जागा रंगवा. दुसऱ्या दिवशी एक नोंद दुरुस्त करा. मग सीएसव्ही (रकान्यांची साधी टेक्स्ट फाइल) मागा आणि विक्रेत्यासमोरच उघडा.

कुठे गळती होते ते लगेच कळतं. रकाना फक्त पूर्ण आकडा घेत असेल तर ३+ चा ३ होतो. उणे चिन्ह जातं. डावा-उजवा हा वेगळा रकाना नसेल तर कोणता गुडघा तेच कळत नाही. बॉडी चार्ट तर बहुधा येतच नाही. सगळ्यात महाग पडतो दुरुस्तीचा इतिहास: मूळ नोंद काय होती, कोणी आणि केव्हा बदलली. तो नसेल तर वाद उभा राहिल्यावर त्या नोंदीवर कोण विश्वास ठेवणार?

एक मात्र विक्रेत्याच्या माथी मारू नका. ‘4/5’ असं लिहिलेली ताकद एक्सेलमध्ये तारीख होऊन बसते, ‘10-12’ आवर्तनांचंही तेच. फाइल आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये बघा.

‘आम्ही फायर मानक पाळतो’ (FHIR, आरोग्य-नोंदींच्या देवाणघेवाणीचं मानक) एवढ्यावर समाधान मानू नका. नाव-पत्ता आणि अपॉइंटमेंट पाठवूनही तसं म्हणता येतं. गोनिओमीटरची (सांध्याचा कोन मोजायच्या साधनाची) मोजमापं त्यातून जातात का, तेवढंच विचारा.

करारात लेखी हवं: संपूर्ण एक्सपोर्ट कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, वेगळं शुल्क न घेता, आणि करार संपल्यावर फक्त वाचण्यापुरतं खातं किती महिने चालू राहील.

आधीच अडकला असाल तर सोडण्याची नोटीस आत्ता देऊ नका. आधी एक्सपोर्ट काढा, पेशंट आणि भेटींची संख्या जुळवा, कोणत्याही १० फाइली ओळ-न्-ओळ ताडून बघा. नोटीस त्यानंतर.