वॉशर गेला होता, पैसे टाकीचे घेतले

जुन्या यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलचं पेट्रोल ठिबकायला लागलं की हल्ली एक उत्तर तयारच असतं. "साहेब, इथेनॉलनं टाकी खाल्ली बघा." मला हेच सांगून साडेतीन हजार रुपये घेतले. कोल्हापुरातलं हे गॅरेज कुठलं ते लिहीत नाही, पण पद्धत सांगतो. ती एकाच गॅरेजपुरती असेल असं मला वाटत नाही.

थाप पचते, कारण ती अर्धी खरी आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी बसतं आणि तिथला पत्रा गंजतो. कॉक, म्हणजे पेट्रोल चालू-बंद करायचा खटका, नेमका तिथेच असतो. आरएक्स १९९६ साली बंद झाली, म्हणजे सगळ्यात तरुण टाकीसुद्धा आता जवळजवळ तीस वर्षांची. तेव्हा "तळाला भोक पडलंय, ब्रेझिंग, म्हणजे पितळेची झाळ, करायला लागेल" म्हटलं की कुणालाही पटावं असंच आहे.

मात्र भोक कुठे आहे ते त्यानं दाखवलं नाही. ठिबकणाऱ्या जागेला नुसतं बोट लावलं, वास घेतला आणि टाकी उतरवली. "वेल्डरकडे पाठवतो, संध्याकाळी या." संध्याकाळी टाकी बसलेली होती, खालच्या बाजूला काळा रंग मारलेला होता आणि कॉक नवा होता. जुना कॉक मागितला तर म्हणाला, भंगारात गेला. बिल मागितलं तर कागदाच्या चिठोऱ्यावर नुसता आकडा लिहून दिला.

पुढच्याच आठवड्यात इंजिनावर पुन्हा थेंब. पेट्रोल गरम सिलिंडरवर पडत होतं, त्यामुळे गाडी लावून ठेवली आणि शाहूपुरीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला घरी बोलावलं. त्यांनी आधी कॉक फडक्यानं कोरडा पुसला आणि वर चक्क पावडर भुरभुरली, बाळाला लावतो ती. थोड्या वेळानं एका स्क्रूच्या डोक्याभोवतीची पावडर ओली झाली. बाकी सगळं पांढरं. नंतर त्यांनी टाकीखालचा काळा रंग नखानं खरवडला, तर आतून एम-सीलची खपली निघाली. तिच्याखाली पत्रा शाबूत. भोक नाही, पितळेचा थेंबही नाही. "ह्यो टाकीवरचा पट्टा बघा," म्हणाले, "ब्रेझिंगची आग लागली असती तर ह्यो करपला असता का?" टाकीच्या कडेचा मूळ रंग आणि पट्टा जसाच्या तसा होता. टाकी वेल्डरकडे गेलीच नव्हती.

दोष काय होता, तर कॉक टाकीला दोन स्क्रूंनी धरलेला असतो. मधे ओ-रिंग, म्हणजे रबराची कडी, असते, पण स्क्रूची भोकं टाकीच्या आत उघडत असतील तर पेट्रोल आट्यांवरून खाली उतरून डोक्यापाशी पाझरतं. ते अडवायला डोक्याखाली फायबरचा नाहीतर तांब्याचा वॉशर लागतो. माझ्या गाडीला तिथे साधे स्प्रिंग वॉशर घातले होते. स्प्रिंग वॉशर चिरलेला असतो, तो काय पेट्रोल अडवणार? मिस्त्रींनी टाकी रिकामी करून ओ-रिंग आणि दोन्ही वॉशर बदलले, स्क्रू बेतानं आवळले. सामान पन्नास रुपयांच्या आतलं. ठिबकणं थांबलं. जास्त जोर लावला तर टाकीतले आटे जातात आणि मग खरोखरच वेल्डर लागतो, असंही ते म्हणाले. सिलिकॉन किंवा टेफ्लॉन टेपचं नाव काढलं तेव्हा त्यांनी हातच जोडले. सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं आणि टेपचे तुकडे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकात, अडकतात.

गॅरेजला नेण्याआधी घरीच एवढं बघा : कॉक बंद केल्यावर ठिबकणं थांबलं तर दोष पुढे, नळीत किंवा कार्ब्युरेटरमध्ये. बंद करूनही थांबलं नाही तर स्क्रू, ओ-रिंग नाहीतर कॉकच्या खटक्याचं पॅकिंग. पावडर लावून जागा पक्की करा, फोटो काढा. टाकीला भोक आहे असं कुणी म्हणालं तर टाकी हलवण्याआधी ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा. आणि काढलेला माल परत हवा हे काम सुरू होण्याआधीच बजावा.

ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, पण चिठोऱ्यावर ना गॅरेजचं नाव ना तारीख, मग तक्रार कशाच्या जोरावर करायची? गॅरेजवाल्याला एम-सीलची खपली दाखवली तर म्हणतो, "झाळ उडाली असंल."

पैशापेक्षा कॉक गेल्याचं जास्त लागलंय. तो मूळचा होता, आणि आरएक्सच्या मूळ सुट्या भागांना आज काय भाव येतो हे गॅरेजवाल्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. बसवलेला डुप्लिकेट आहे. त्याच्या आतली उभी नळी आखूड आहे, त्यामुळे रिझर्व्हला टाकेपर्यंत टाकीत जेमतेम पेट्रोल उरतं. कागलहून येताना गाडी बंद पडली, खटका रिझर्व्हला फिरवला, आणि पंप दिसायच्या आत ती पुन्हा बंद.