इलिनॉय नॅशनल गार्ड ग्रँट: दीडेक वर्ष वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगतो. इलिनॉयच्या नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या अर्धवेळ लष्करी दलात, असलेल्यांची कॉलेजची फी या ग्रँटमुळे खरोखर माफ होते, त्यात फसवाफसवी नाही. पण निव्वळ फी वाचवायला कोणी भरती होणार असेल तर मी त्याला हो म्हणणार नाही. ज्याला गणवेशाचं काम मुळातच करावंसं वाटतं, त्याने मात्र ही सवलत सोडू नये.

शिकागोच्या उपनगरांत मराठी मंडळींमध्ये विषय निघाला की एक तर "अरे वा, फुकट शिकतोयस!" नाही तर "बापरे, लढाईला पाठवतात का?" माझ्या मावशीला हे एनसीसीसारखंच काहीतरी वाटतं. तसं नाही. इथे शपथ घेऊन करारावर सही करावी लागते. मग दहा आठवड्यांचं बेसिक ट्रेनिंग, त्यानंतर आपापल्या कामाचं वेगळं प्रशिक्षण, आणि पुढे दर महिन्याला एक वीकेंड ड्रिल आणि वर्षातून दोन आठवड्यांचा सलग कॅम्प. परदेशात तैनाती होऊ शकते, हेही घरी आधीच स्पष्ट सांगून टाकावं. ग्रीन कार्डवर शिपाई म्हणून भरती होता येतं, अधिकारी व्हायला नागरिकत्व लागतं.

आणखी एक गोष्ट भरतीच्या आधी नीट समजून घ्यायला हवी. नॅशनल गार्ड राज्याचा, आर्मी रिझर्व्ह, म्हणजे राखीव सैन्य, केंद्राचं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, कपडेही तेच. पण ही ग्रँट फक्त इलिनॉयच्या गार्डमधल्यांना आहे. माझा एक मित्र रिझर्व्हमध्ये आहे, त्याला यातला एक डॉलरही मिळत नाही.

आता मिळतं काय? राज्यातल्या सरकारी विद्यापीठात किंवा कम्युनिटी कॉलेजमध्ये ट्यूशन आणि ठरावीक शुल्कं माफ. एकूण मर्यादा चार वर्षांच्या पूर्णवेळ शिक्षणाएवढी. नॉर्थवेस्टर्न, डीपॉल अशा खाजगी ठिकाणी ती चालत नाही. पुस्तकं, लॅबचं शुल्क, आरोग्यविमा, पार्किंग, राहणं-खाणं हे सगळं पदरचं. म्हणजे "फुकट शिक्षण" हा शब्दप्रयोग भरती करणाऱ्या सार्जंटच्या तोंडी शोभतो, घर चालवणाऱ्याच्या नाही.

अट अशी की गार्डमध्ये एक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय अर्जच करता येत नाही. हे वर्ष मी कम्युनिटी कॉलेजमध्ये स्वतःच्या पैशाने काढलं. तिथली फी विद्यापीठापेक्षा कितीतरी कमी असते आणि गणित, इंग्रजीचे क्रेडिट पुढे वर्ग होतात. कोणी विचारलं तर मी हाच मार्ग सुचवतो. अर्ज राज्याच्या विद्यार्थी साहाय्य आयोगाकडे, म्हणजे आयसॅककडे, ऑनलाइन करायचा आणि तो दरवर्षी नव्याने करायचा. संपूर्ण वर्षासाठी शेवटची तारीख 1 ऑक्टोबर. ती हुकली की पहिलं सेमिस्टर हातचं गेलं, मग 1 मार्चच्या मुदतीत उरलेल्या वर्षासाठी अर्ज करायचा.

खरी डोकेदुखी कॉलेजच्या हिशेब विभागात. पोर्टलवर लाल अक्षरात पूर्ण बिल दिसतं, त्याखाली विलंब शुल्काची तारीख, आणि पुढच्या सेमिस्टरच्या नावनोंदणीवर कुलूप. आयसॅककडे पात्रता मंजूर असते, पण कॉलेजमधल्या माणसाने ती खात्यावर चढवलेली नसते. प्रत्येक सेमिस्टरला हाच खेळ. मी आता पात्रतेच्या पत्राची पीडीएफ जोडून ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात कॉलेजमधल्या व्हेटरन्स ऑफिसला (आजी-माजी सैनिक विद्यार्थ्यांचं काम पाहणारा विभाग) ईमेल टाकतो. फोन करून उपयोग नाही, लेखी पुरावा लागतो. राज्याकडून कॉलेजला पैसे यायला उशीर झाला किंवा कमी आले, तरी सरकारी कॉलेजने आपल्याकडून ते मागायचे नसतात. हे माहीत असलं की खिडकीपलीकडच्या बाईंशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही. 2015 ते 2017 या काळात राज्याचा अर्थसंकल्पच अडकला होता आणि कॉलेजांची पार दैना झाली होती. तो धसका काही जुन्या कारकुनांच्या बोलण्यात अजून जाणवतो.

ग्रँटच्या जोडीला केंद्राचं मॉन्टगोमेरी जीआय बिल मिळतं, म्हणजे शिकणाऱ्या सैनिकांना मिळणारा भत्ता, रिझर्व्ह आणि गार्डसाठी असलेला. त्यासाठी सहा वर्षांचा करार लागतो. पूर्णवेळ शिकत असाल तर महिन्याला साडेचारशे ते पाचशे डॉलर थेट आपल्या बँकेत येतात. महिनाअखेरीस "मी अजून शिकतोय" अशी खातरजमा ऑनलाइन करावी लागते, नाही तर हप्ता थांबतो. माझं भाडं बऱ्यापैकी यातूनच सुटतं. तुमच्या युनिटच्या आर्मरीत, म्हणजे गार्डच्या स्थानिक ठाण्यात, पूर्णवेळ बसणारा रेडिनेस एनसीओ (युनिटची कागदपत्रं बघणारा सार्जंट) असतो, त्याच्याशी जमवून घ्या. पात्रतेचा कागद त्याच्याच टेबलावरून निघतो, आणि तो आपणहून निघत नाही.

पैशापेक्षा जास्त महाग पडतं ते वेळापत्रक. ड्रिलचा वीकेंड आणि सोमवारची परीक्षा यांची गाठ हमखास पडते. रविवारी संध्याकाळी ट्रकमधून उतरून, बूट न काढता थर्मोडायनॅमिक्सची गणितं सोडवायची. काही प्राध्यापक समजून घेतात, काहींना आदेशाची प्रत दाखवावी लागते. ऑक्टोबर 2025 मध्ये राज्यपाल प्रिट्झकर यांचा विरोध असताना राष्ट्राध्यक्षांनी इलिनॉय गार्डच्या 300 जणांना केंद्राच्या अखत्यारीत घेतलं आणि प्रकरण कोर्टात गेलं, ते ऐन मिडटर्मच्या दिवसांत. माझं नाव त्यात नव्हतं, पण अभ्यासात लक्ष कोणाचं लागणार? दिलासा एवढाच की तीस दिवसांहून जास्त बोलावणं आलं, तर परतल्यावर कॉलेजने त्याच दर्जाने प्रवेश द्यावा असा केंद्रीय नियम आहे.

ही ग्रँट पदव्युत्तर शिक्षणालाही चालते. समरचे वर्ग तिच्यावर घेतले तर तेही एकूण मर्यादेतूनच वजा होतात. म्हणून उन्हाळ्यातला एखादा विषय मी कम्युनिटी कॉलेजमध्ये रोख भरून उरकतो आणि ग्रँट मास्टर्ससाठी राखून ठेवतोय.